वेचलेल्या वस्तूंचे वैभव

स्मरणिकेत आभार मानण्याची एक रीत ठरलेली असते. इमारतीला हातभार लावणारे दाते, अपुऱ्या वेतनावर वर्षानुवर्षे शिकवणारे शिक्षक, पहाटे चुलीला जाळ घालणाऱ्या मावशी, आजारी मुलाला रात्री सोलापूरला घेऊन जाणारे अधीक्षक या सर्वांचे ऋण इतर पानांवर यथोचित नोंदले गेले आहे. आम्ही काही माजी विद्यार्थी येथे मात्र अशा एका माणसाविषयी कृतज्ञता व्यक्त करू इच्छितो, ज्यांचे नाव या संस्थेच्या कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. त्यांची मातृभाषा मराठी. कर्मभूमी मात्र माळवा. विष्णू चिंचाळकर हे त्यांचे नाव. इंदूरमध्ये ते नुसते ‘गुरुजी’ म्हणून ओळखले जात.

गुरुजींचा जन्म १९१७ सालचा. इंदूरच्या चित्रकला शाळेत दत्तात्रय दामोदर देवळालीकर या मास्तरांच्या हाताखाली ते शिकले. ही शाळा लहान, पण तिची पुण्याई मोठी. नारायण श्रीधर बेंद्रे तिथलेच आणि मकबूल फिदा हुसेन यांनीही आरंभीचे धडे तिथेच गिरवले. म्हणजे चिंचाळकर हे काही हौसेखातर काटक्या जमवणारे गृहस्थ नव्हते. जलरंग, तैलरंग, व्यक्तिचित्र, निसर्गचित्र या सर्वांची रीतसर तालीम त्यांना लाभली होती, आणि ज्या वाटेने त्यांचे समकालीन कीर्तीकडे गेले ती वाट त्यांनाही मोकळी होती. ते त्या वाटेने गेले नाहीत. कलेच्या बाजारापासून ते दूर सरकले आणि झाडाखाली पडलेल्या वस्तूंपाशी येऊन बसले. देवासला राहणारे कुमार गंधर्व आणि ‘नईदुनिया’चे संपादक राहुल बारपुते हे त्यांचे निकटचे स्नेही. त्या मंडळींत गाणे, वृत्तपत्र आणि चित्र यांच्यामध्ये भिंती नसत. सन २००० मध्ये गुरुजी गेले.

त्यांनी जे केले त्याला शिल्प म्हणावे, चित्र म्हणावे की खेळणे, हा प्रश्न समीक्षकांनी सोडवावा. वाळकी काटकी, गळून पडलेली साल, बियांची टरफले, पाने, खडे, मोडक्या वस्तूंचे तुकडे यांतून त्यांच्या हाती पक्षी येत, प्राणी येत, माणसांचे चेहरे येत. ‘हाती येत’ असे आम्ही जाणून लिहितो, कारण त्यांची रीत घडवण्यापेक्षा ओळखण्याची होती. लाकूड कोरणारा कारागीर लाकडाला आपल्या मनातला आकार देतो. त्याचे कौशल्य मोठे, यात शंका नाही. गुरुजी आधी त्या वस्तूचे म्हणणे ऐकून घेत. फांदीला जिथे निसर्गानेच मान दिली आहे तिथे मान, गाठीच्या जागी डोळा, साल सुटली आहे तिथे पंख. माणसाने भर घालायची ती एखाद्या खड्याची, एखाद्या टाक्याची. कधी तेवढीही नको. वस्तू नुसती उलटी धरली, दोन बोटे तिरपी केली की काम झाले.

यात खेळकरपणा किती आहे, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. बाभळीच्या मुळीत डोक्याला मुंडासे बांधलेला म्हातारा दिसला की पहिली गोष्ट घडते ती हसू फुटण्याची. मग शेजाऱ्याला हाक मारावीशी वाटते: “अरे, हे बघ!” त्याला तिथे म्हातारा दिसत नाही, बगळा दिसतो. दोघेही बरोबर असतात. शाळेच्या चार भिंतींत अशी जागा फारच थोडी, जिथे दोन मुलांची दोन उत्तरे असून दोन्ही बरोबर ठरतात. चित्रकलेच्या तासाला आम्ही फळ्यावरच्या कमळासारखे कमळ काढत असू, आणि ज्याचे कमळ फळ्यावरच्या कमळापासून जितके दूर, तितके त्याचे गुण कमी. त्या तासाला कोणी हसलेले आम्हांला आठवत नाही.

गुरुजींचा आणखी एक उपक्रम आमच्यासारख्यांना विशेष जवळचा वाटतो. ‘खिलते अक्षर’ या पुस्तिकेत त्यांनी देवनागरी अक्षरांतून चित्रे फुलवली. अक्षराचे वळण, त्याची वेलांटी, त्याचा काना यांतच प्राणी, पक्षी, माणसे शोधली. शहरातल्या, पुस्तकांनी भरलेल्या घरातल्या मुलाला ही एक गंमत. पण ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षराला हात लावण्याची बंदी होती, ज्या घरातले पहिलेच पोर पाटी घेऊन उंबऱ्याबाहेर पडले, त्याच्या मनात अक्षराचा एक धाक असतो. चुकले तर छडी, अडखळले तर हसे. ते अक्षरच त्याच्याशी खेळायला आले, पाय पसरून मांजर झाले, तर तो धाक काही अंशी उतरतो. आमच्यातील अनेकांच्या आई-वडिलांनी अंगठ्यावरून सहीकडे येण्यासाठी किती झटापट केली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. अक्षरावर हक्क मिळवणे ही लढाई होती. अक्षराशी खेळता येणे हा त्या हक्काचा उपभोग आहे, आणि तो आपल्या लेकरांना मिळालाच पाहिजे.

आता मंद्रूपकडे येऊ. आपला परिसर नावाजलेल्या सृष्टिसौंदर्याचा नव्हे. सोलापूर–विजयपूर महामार्गालगतचे हे गाव अवर्षणाच्या पट्ट्यातले. एका घरात मराठी, शेजारच्या घरात कानडी. कोकणातल्या शाळेला शिंपले आहेत, विदर्भातल्या शाळेला जंगल आहे. आपल्याला काय आहे, असे पाहुणे विचारतात. आम्ही त्यांना सांगू इच्छितो की आपल्याकडे बाभूळ आहे, जिच्या शेंगा मण्यांच्या माळेसारख्या गाठीगाठीने गुंफलेल्या असतात, आणि जिचे जोडकाटे बैलाच्या शिंगांसाठी जणू मापून केलेले असतात. रुईचे बोंड आहे. ते उकलले की रेशमी झुपक्यांच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर निघतात. चिंचोके, लिंबोळ्या, करंजीच्या चपट्या शेंगा, बोरीच्या आठळ्या, तुरीच्या तुराट्या, घायपाताचे वाख आहे. ओढ्याकाठी काळ्या खडकाच्या पोटातून सुटलेले दुधी, तांबूस गारगोट्यांचे खडे आहेत. उन्हाळ्यात भीमेचे पात्र आटले की महापुराने कुठून तरी आणून टाकलेली बुंध्यांची खोडके उघडी पडतात. पाण्याने त्यांची साल काढून घेतलेली असते आणि वाळूने त्यांना घासून गुळगुळीत केलेले असते. आणि ज्वारीचे धाट आहे, ज्याच्याविषयी शेवटी थोडे सविस्तर लिहू.

पाहण्याच्या या कलेचे एक उदाहरण आपल्या तालुक्यातच आहे. सीना आणि भीमा जिथे मिळतात त्या हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरात एका तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेख आहे. शतकानुशतके त्या तुळईखालून माणसे ये-जा करीत होती. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो लेख पाहिला, वाचला आणि मराठी भाषेच्या इतिहासातले एक पान उघडले. दगड तोच होता. पाहणारा वेगळा निघाला. शिलालेख वाचणे आणि काटकीत पक्षी पाहणे ही दोन कामे एक आहेत असे आम्ही म्हणणार नाही. लेखात जे कोरले आहे तेच वाचावे लागते, तिथे बगळ्याचा म्हातारा करून चालत नाही. पण दोन्ही ठिकाणी पहिली अट एकच, की ज्या वस्तूवरून सगळ्यांची नजर घसरून जाते तिथे थांबायचे. ही सवय लहानपणी लागली तर पुढे तो मुलगा डॉक्टर होवो, तलाठी होवो की शेतकरी, ती वाया जात नाही.

इथवर वाचून काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठी पडली असेल, हे आम्ही जाणतो. या लेखाचा विचार आमच्यात चालला होता तेव्हाच आमच्यातील काहींनी तो आक्षेप मांडला, आणि तो हलका नव्हता. ते म्हणाले: “टाकलेले, मोडलेले, कोणालाही नको असलेले यांच्याशी आपला संबंध काही खेळाचा नव्हता. आपल्या आज्या-पणज्यांनी शिळे तुकडे मागून आणले, मेलेली गुरे ओढली, दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेली कापडे नेसली. आता कुठे आपल्या पोरांच्या हाती रंगपेटी आली, तर तुम्ही त्यांना पुन्हा उकिरड्याकडे पाहायला सांगता? ज्याच्याजवळ सगळे होते त्याने ते सोडले तर तो त्यागी. ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याला ‘नसलेलेच चांगले’ म्हणून पटवणे ही लबाडी.”

या आक्षेपाला बगल देऊन हा लेख पुढे नेणे आम्हांला शक्य नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ज्यांना गावाबाहेर ठेवायचे त्यांनी मृतांची वस्त्रे ल्यावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावे असे विधान आहे. ज्या ग्रंथाने असे नियम घालून दिले तो बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळला गेला. तेव्हा टाकाऊ वस्तू वापरण्याचे गोडवे गाताना आपल्या समाजाची जीभ अडखळावी, हे योग्यच आहे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही घोषणा आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत जितक्या उत्साहाने दिली जाते, तितक्या उत्साहाने ती शहरातल्या महागड्या शाळांत दिली जात नाही, हेही आमच्या नजरेतून सुटलेले नाही. गरिबांच्या मुलांना निधी द्यायचा नसेल तेव्हा कल्पकतेचे कौतुक करणे सोपे असते.

तरीही आम्ही गुरुजींचे आभार मानतो, आणि त्याचे कारण एका भेदात आहे. माणसाने टाकलेली वस्तू आणि झाडाने ढाळलेली वस्तू या दोन्ही एक नव्हेत. उष्टे हे कोणाचे तरी उष्टे असते. ते देणारा वर उभा असतो, घेणारा खाली वाकतो, आणि त्या वाकण्यातच अपमान साठवलेला असतो. लिंबोळीला मालक नाही. बाभळीची शेंग कोणाच्या ताटातून उरलेली नाही. ती वेचणाऱ्यावर कोणाचे उपकार होत नाहीत, कोणाला जोहार घालावा लागत नाही. झाडाखाली पाटलाचे पोर आणि आमचे पोर सारखेच वाकते, आणि ज्याची नजर तीक्ष्ण त्याला पक्षी आधी सापडतो. जन्माने कोणालाही या खेळात पहिला नंबर मिळत नाही. ज्यांना विहिरीवर, देवळात, शाळेच्या ओट्यावर जागा नव्हती, त्यांच्या लेकरांना सृष्टीच्या अंगणात आपली मालकी न मागता वावरता येते, ही गोष्ट आम्हांला लहान वाटत नाही.

वस्तूंचा मान ठेवणे आणि अपमान सोसणे यांतला फरक आपल्या परंपरेलाही पुरता ठाऊक आहे. भिक्खूंचे पांसुकूल चीवर हे धुळीत पडलेल्या चिंध्यांचे. पण ते कोणी लादले नव्हते. राजपुत्रांनीही ते आपण होऊन पत्करले. विनयपिटकात आनंद स्थविरांची एक गोष्ट येते. कौशांबीच्या राजा उदयनाला कळले की त्याच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दिली. इतक्या वस्त्रांचे हा श्रमण करणार काय, दुकान मांडणार काय, अशी त्याला शंका आली. आनंदांनी सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ही देऊ. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने. जुन्या आच्छादनांचे? पुढे जमिनीवरचे आंथरण, मग पायपुसणे, मग धूळ झटकण्याचे फडके. आणि त्याचेही तुकडे झाले की ते चिखलात कालवून त्याचा गिलावा. राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली. त्याच कौशांबीत भगवंतांनी शिंशपेच्या वनात मूठभर पाने हाती घेऊन भिक्खूंना विचारले होते की या मुठीतली पाने अधिक की वनातली. उपदेशासाठी त्यांनी काही मागवले नाही; पायाशी जे होते ते उचलले. शिक्षकाने शेजारची वस्तू उचलून शिकवावे, ही रीत आपल्याला परकी नाही, एवढेच आम्हांला म्हणायचे आहे. गुरुजी बौद्ध होते असा दावा आम्ही करीत नाही, आणि करण्याची गरजही नाही.

महाराष्ट्रात ही रीत शिक्षणशास्त्राच्या पायावर उभी केली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी व ग्रामीण बालकांसाठी काम केले. माँटेसोरी बाईंची साधने उत्तम, पण महाग; ती पाड्यावर पोहोचणार कशी? तेव्हा बिया, खडे, शंख-शिंपले, काड्या, पाने, माती हीच साधने झाली. मोजायला चिंचोके, ओवायला फुले, चढत्या क्रमाने लावायला काटक्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. आज सरकारी झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथल्या कामातून आला. लक्षात घेण्यासारखे हे की ताराबाईंनी या मुलांना ‘गरिबांचे शिक्षण’ दिले नाही. शिक्षण तेच होते, त्याच काटेकोरपणाने दिलेले. साधनसामग्री तेवढी स्थानिक होती.

म्हणून आमचे मत स्पष्ट लिहितो. आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला चांगला कागद, चांगले रंग आणि चांगला कुंचला मिळालाच पाहिजे. शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलाला रंगपेटीसाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून हा खर्च व्हावा आणि त्यात काटकसर होऊ नये. काटकीतला पक्षी हा रंगपेटीला पर्याय म्हणून कोणी पुढे करील, तर त्याला आम्ही विरोध करू. ज्याच्या हाती दोन्ही आहेत त्यालाच त्यातले एक बाजूला ठेवण्याचे स्वातंत्र्य असते, आणि गुरुजींनी जे केले ते याच स्वातंत्र्यात केले. आक्षेप घेणाऱ्या आमच्या मित्रांना हे मान्य झाले आहे असे नाही. ‘आधी रंगपेटी येऊ द्या, मग बोलू,’ असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

आता शाळाशाळांतून ‘कार्यानुभव’ या नावाखाली जे चालते त्याविषयी दोन शब्द. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आई-वडील बाजारात धावतात. आईस्क्रीमच्या काड्या, ज्या आईस्क्रीम खाऊन उरायच्या, त्या कोऱ्या करकरीत पाकिटातून विकत मिळतात. टिकल्या, चमकी, सोनेरी कागद, तयार फुले विकत मिळतात. थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर राज्यात मार्च २०१८ पासून बंदी आली, तरी शाळेतल्या किल्ल्याचे बुरूज बराच काळ थर्माकोलचेच राहिले. सगळे विकत आणून त्यावर ‘टाकाऊतून टिकाऊ’ अशी पाटी लावायची, परीक्षकांनी कौतुक करायचे आणि तिसऱ्या दिवशी ते सारे खरोखरच टाकाऊ होऊन शाळेमागे पडायचे. बाभळीची शेंग शाळेमागे पडली तर निदान शेळी ती खाते.

गुरुजींच्या खेळातला आणखी एक गुण येथे ध्यानात घ्यावा. या वस्तू टिकत नाहीत. पान चुरगळते, पीस उडून जाते, रुईची म्हातारी तर पाहता पाहता हातातून निसटते. ज्यांना प्रत्येक गोष्ट काचेच्या कपाटात हवी त्यांना हे वैगुण्य वाटेल. मुलांना ते वाटत नाही. सीमाभागात मातीच्या बैलांची अमावास्या येते तेव्हा घरोघरी काळ्या मातीचे बैल होतात. लिंबोळीचे डोळे, बाभळीच्या काट्यांची शिंगे. पूजा होते, आणि मग ते बैल पुन्हा मातीत जातात. पुढल्या वर्षी नवे करायचे असतात म्हणून मुले रडत नाहीत. नाशवंत वस्तू मन लावून करावी आणि मग सोडून द्यावी, हा धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकुरांनी आयुष्याच्या उत्तरार्धात काटक्या-मुळ्यांतून अशीच खेळणी केली आणि त्यांना ‘कुटुम-काटाम’ असे गमतीचे नाव दिले. इतका मोठा चित्रकार, आणि म्हातारपणी सुकलेल्या मुळ्यांशी खेळत बसला. लोकांना तेव्हा ते विचित्रच वाटले असेल.

पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमितीचे आकार जोडायला हजारो मुलांना शिकवले. गुरुजींविषयी त्यांनीही आदराने लिहिले आहे. दोघांच्या कामात आम्हांला एक फरक दिसतो. गुप्ता यांच्या खेळण्यातून विज्ञानाचे एक तत्त्व बाहेर पडते; खेळणे फिरले की काही सिद्ध होते. गुरुजींच्या पक्ष्यातून काहीच सिद्ध होत नाही. तो फक्त पक्षी असतो. परीक्षेत त्याचा उपयोग नाही, स्पर्धा परीक्षेत तर मुळीच नाही. आपल्या समाजाने उपयोगाच्या गोष्टींसाठी फार किंमत मोजली आहे. शिकायचे ते नोकरीसाठी, नोकरी करायची ती घरासाठी, आणि ते तसेच करावे लागले. पण नातवंडांच्या पिढीला थोडे निरुपयोगी सुखही वारसा म्हणून मिळावे, असे आता आम्हांला वाटू लागले आहे. वसतिगृहातले मूल आईपासून दूर असते. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत त्याला घर आठवते. त्या दोन तासांत हाताला काही चाळा असणे, आणि तो चाळा विकत घ्यावा न लागणे, याचे मोल ज्यांनी ते दोन तास काढले आहेत त्यांनाच कळेल.

शाळेला आमची एक मागणी आहे. मुलांच्या जेवणघराच्या व्हरांड्यात एक उघडे कपाट असावे, कुलूप नसलेले. जाता-येता सापडलेले ज्याला जे ठेवावेसे वाटेल ते त्याने तिथे ठेवावे, ज्याला जे घ्यावेसे वाटेल ते त्याने घ्यावे. त्यावर कोणाचेही नाव नको, स्पर्धा नको, प्रमाणपत्र तर नकोच; बक्षीस आले की खेळ गेला. चित्रकलेच्या शिक्षकांनी त्यात लुडबूड करू नये, फार तर स्वतःही काही वेचून आणावे. जिवंत फांदी तोडायची नाही, घरट्याला हात लावायचा नाही, आणि रुईचा चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, एवढे तीन नियम पुरेत. मेळाव्याला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी हार-तुरे आणण्याऐवजी आपापल्या मुक्कामाच्या ठिकाणचे काही आणावे. रत्नागिरीला नोकरी करणाऱ्याने शिंपले, गडचिरोलीला असणाऱ्याने सागाची फळे, मुंबईकराने बदामाची वाळलेली लाल पाने. मंद्रूपच्या मुलाला समुद्र पाहायला मिळेल तेव्हा मिळेल. तोवर त्याचा एक तुकडा हाती असावा.

राहिले ज्वारीचे धाट. संक्रांतीनंतर काढणी होऊन कडब्याच्या गंजी लागल्या की चार-सहा सरळ, जाड, नीट वाळलेली धाटे मागून आणावीत. कडबा जनावरांचा असतो, तेव्हा विचारूनच घ्यावीत. दोन पेरांमधला भाग कापावा. वरची साल विळ्याने उभी सोलली की लवचीक, चिवट चोया निघतात आणि आत पांढरे, हलके भेंड उरते. भेंडाचे तुकडे करून त्यांत चोयांची टोके खोचली की जोड बसतो. डिंक नको, दोरा नको. दोन चोया वाकवून भेंडात अडकवल्या की चष्मा होतो. गाडीला चाकासाठी भेंडाच्याच चकत्या चालतात, पण त्या लवकर झिजतात. त्यापेक्षा चोयेचे गोल वळे करून त्यात आरे बसवावेत. जू जरा रुंद ठेवावे, नाहीतर बैल एकमेकांवर चढतात. चोयेची कड पात्यासारखी धारदार असते. लहान मुलांना सोलायचे काम देऊ नये. त्यांनी बैल करावेत.